ही ओळ काढू नये

नारायण पेठेतल्या आमच्या वाचनालयाचा सर्व्हर जिन्याखालच्या खोलीत आहे. खोली कसली, पूर्वी वाड्याचा कोळसा पडायचा ती कोठीच. आत एक टेबल, एक स्टूल, भिंतीला टेकलेलं लोखंडी कपाट आणि टेबलाखाली तो काळा, जड डबा. २०११ सालचा. त्याच्या पंख्यांची घुंघुं बालविभागापर्यंत ऐकू जाते. त्याच बालविभागात नऊ वर्षांची असताना मी सतरंजीवर मांडी घालून पुस्तकं संपवली आहेत. तेव्हा सर्व्हर नव्हता, कार्डांचे लाकडी खण होते.

यंत्र बसवलं काकांनी. दूरध्वनी खात्यातून निवृत्त, वाचनालयाचे आजीव सभासद, आता ब्याऐंशीचे. कार्डांवरची सगळी सूची त्यांनी आणि ग्रंथपाल ताईंनी मिळून दोन वर्षं संध्याकाळी बसून टाइप केली, देवघेवीचा प्रोग्रॅमही काकांनीच लिहिला. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांनी जिने चढू द्यायचं नाकारलं तेव्हा त्यांनी मला बोलावून खोलीची किल्ली हातात दिली. काही लिहून ठेवलंय का, असं मी विचारलं. म्हणाले, "सगळं आतच लिहिलंय." मी मान डोलावली आणि किल्ली पर्समध्ये टाकली. ते शब्द किती नेमके होते हे मला २८ जुलै २०२४ च्या रात्री कळलं.

या सर्व्हरवर डेबियन ही लिनक्स जातीची कार्यप्रणाली आहे. काकांनी पहिल्यांदा घातली ती सहावी आवृत्ती, फेब्रुवारी २०११ मध्ये आलेली. पुढे त्यांनी सातवी घातली, आठवी घातली आणि तिथे ते थांबले. आठवी, म्हणजे जेसी, २०१५ ची. तिची लांबवलेली देखभालसुद्धा ३० जून २०२० ला संपली. त्यानंतर सापडलेलं एकही भगदाड त्या यंत्रात बुजवलं गेलेलं नव्हतं. आणि त्याच यंत्रातून अभ्यासिकेला इंटरनेट जातं. स्पर्धा परीक्षांची साठेक मुलं सकाळी सहापासून तिथे बसलेली असतात, कुणी लातूरचं, कुणी बुलढाण्याचं, कॉट बेसिसवर राहणारं. त्यांच्या मोबाइलचा, त्यांच्या फॉर्मच्या फीचा सगळा व्यवहार त्या एका डब्यातून जातो. मी दिवसभर बाणेरच्या एका कंपनीत सर्व्हरच सांभाळते, त्यामुळे ही गोष्ट मला झोपू देत नव्हती.

नवा सर्व्हर का नाही घ्यायचा, असं कार्यकारिणीत एकाने विचारलं. पैशांचा प्रश्न होताच. पण मला खरोखर वाटत होतं की यंत्रात काही खोट नाही. मेमरी चुका स्वतः दुरुस्त करणारी, डिस्क दोन वर्षांपूर्वी बदललेल्या, पंखे साफ. शिळं झालं होतं ते आतलं सॉफ्टवेअर, आणि ते नव्या यंत्रावर न्यायचं म्हटलं तरी काकांच्या प्रोग्रॅममधून जावंच लागणार होतं. मी अपग्रेडच्या बाजूने बोलले आणि जबाबदारी घेतली.

डेबियनमध्ये पायऱ्या गाळता येत नाहीत. आठवरून नऊ, नवावरून दहा, मग अकरा, मग बारा. प्रत्येक आवृत्तीला मुलांच्या एका ॲनिमेशनपटातल्या पात्राचं नाव असतं, आणि बारावीचं नाव बुकवर्म. वाचनालय बुकवर्मवर जाणार हे मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या इतक्या खुलून हसल्या की कार्यकारिणीच्या इतिवृत्तात त्यांनी ते नाव देवनागरीत, अवतरणचिन्हांत लिहिलं.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते, म्हणून रविवारची रात्र ठरवली. त्याच आठवड्यात गुरुवारी खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रस्त्याला एकतानगरीत शिरलं होतं आणि पावसाने अजून पाठ सोडली नव्हती. वाचनालयाचे शिपाई, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, रात्री थांबतो म्हणाले. आठ वाजता दरवाजे बंद झाले, पंधरा मिनिटांत मामांनी स्टोव्हवर पहिला चहा ठेवला.

पहिलं काम मी नीट केलं. सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत, एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही लिहिलं जातं. यंत्र बंद करून त्यातली एक मी बाहेर काढली, पिशवीत गुंडाळली आणि ताईंच्या कपाटात, जुन्या दाखल रजिस्टरांच्या शेजारी ठेवली. काही बिघडलं तर ती डिस्क परत लावायची आणि रविवारच्या संध्याकाळवर परतायचं. याशिवाय डेटाबेसची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर.

यंत्र पुन्हा चालू केलं तर घड्याळ मागे गेलेलं. मदरबोर्डवरची बटणाएवढी बॅटरी संपली होती. यंत्र वर्षानुवर्षं बंदच झालं नव्हतं, त्यामुळे कुणाला पत्ता नव्हता. तारीख चुकीची असली की डेबियन नवी पॅकेजं घेत नाही, कारण प्रत्येक यादीवर सहीची तारीख असते आणि यंत्राच्या मते ती तारीख अजून उगवायचीच असते. रविवारी रात्री तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानांत कोण उघडं असणार? ताई दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी घरच्या वजनकाट्यातली सीआर २०३२ काढून मामांच्या हाती पाठवली.

आठवरून नऊची उडी अकराच्या सुमारास झाली. इथे मला सगळ्यात जास्त धास्ती होती. काकांचा प्रोग्रॅम पीएचपी या भाषेत आहे. नवव्या आवृत्तीत पीएचपी ५ जाऊन ७ येतं, आणि पीएचपी ७ मधून डेटाबेसशी बोलायची जुनी फंक्शन्स पूर्ण काढून टाकली आहेत. काकांचा प्रोग्रॅम त्याच फंक्शन्सवर उभा होता. त्यासाठी मी दोन महिन्यांचे रविवार घालवून त्यांच्या प्रोग्रॅममधल्या दोनशेच्या वर जागा बदलल्या होत्या. डेटाबेससुद्धा मायएसक्यूएल जाऊन मारियाडीबी आला. दोन्ही सेवा चालू झाल्या, त्यांच्यापुढे हिरवा ठिपका आला, तो पाहून मी पुढे गेले. सूचीचं पान उघडून पाहिलं नाही. ही माझी एक चूक.

दुसरी चूक एका अर्धविरामाची. नऊवरून दहाच्या उडीला चाळीस-पन्नास मिनिटं लागणार होती, तेवढ्यात मामांबरोबर वरच्या मजल्यावरची गळकी खिडकी बघून येऊ म्हणून मी अपग्रेडच्या कमांडला जोडूनच रिस्टार्टची कमांड लिहून ठेवली. दोन कमांडच्या मध्ये जोडअँपरसँड (&&) घातलं तर पहिली यशस्वी झाली तरच दुसरी चालते. अर्धविराम घातला तर पहिलीचं काहीही होवो, दुसरी चालतेच. मी अर्धविराम घातला. अठरा वर्षं हे काम करते आहे, नव्या मुलांना हा फरक फळ्यावर लिहून शिकवते.

खाली आले तेव्हा पडद्यावर पांढरी अक्षरं थिजलेली होती. कर्नल पॅनिक. रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही, अननोन ब्लॉक, शून्य स्वल्पविराम शून्य. कीबोर्डवरचे दिवे लुकलुकत होते. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

मामा दारात उभे राहून म्हणाले, "बंद पडलं का हो?" मी म्हटलं, "उठत नाहीये, मामा." ते म्हणाले, "मग बसू द्या जरा." आणि चहा गाळायला गेले.

कपाटातली डिस्क आठवली. अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं असतं आणि कुणाला कळलंही नसतं. पण ते पूर्ववत म्हणजे पुन्हा २०१५, पुन्हा तीच भगदाडं, आणि पुढच्या वेळी पुन्हा हाच दगड पायात. पडद्यावरची ओळ मी पाच-सहा वेळा वाचली. शून्य, शून्य. कर्नलला डिस्क खराब दिसत नव्हती, त्याला डिस्कच दिसत नव्हती.

इथे थोडं सांगायला हवं, कारण सगळी गंमत इथेच आहे. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. डिस्क वाचायला त्याला ड्रायव्हर लागतात, आणि ते ड्रायव्हर ठेवलेले असतात डिस्कवर. हा पेच सोडवण्यासाठी यंत्र सुरू होताना कर्नलच्या हातात एक शिदोरी दिली जाते. तिला इनिटआरडी म्हणतात. तेवढ्यापुरते ड्रायव्हर तिच्यात बांधलेले असतात, ती मेमरीत सोडायची, डिस्क ओळखायची, मग खऱ्या घरात पाऊल टाकायचं. शून्य-शून्यचा बहुतेक वेळा अर्थ एवढाच की कर्नल निघाला, पण शिदोरी घरीच राहिली.

ग्रब म्हणजे यंत्र उठताना कोणता कर्नल घ्यायचा ते ठरवणारा प्रोग्रॅम. त्याच्या यादीत जुना, नवव्या आवृत्तीबरोबरचा ४.९ कर्नल अजून होता. तो निवडला आणि यंत्र उठलं. कण्हत, दहा ठिकाणी तक्रार करत, पण उठलं. मी पहिली कमांड दिली ती जागा किती शिल्लक आहे हे बघायची. बूट नावाचं एक स्वतंत्र पार्टिशन, म्हणजे कर्नल आणि शिदोऱ्या ठेवायचा डिस्कचा वेगळा कप्पा, एकूण त्र्याण्णव एमबी, भरलेलं शंभर टक्के.

त्यात तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. जेसीचा ३.१६, नवव्या आवृत्तीचा म्हणजे स्ट्रेचचा ४.९ आणि दहावीचा म्हणजे बस्टरचा नवा ४.१९. नवा कर्नल कसाबसा मावला, त्याची शिदोरी बांधताना जागा संपली. लॉगमध्ये ते स्वच्छ लिहिलेलं होतं. पॅकेज अर्धवट राहिलं, अपग्रेड तिथेच थांबलं, आणि अर्धविरामाने यंत्राला त्या अवस्थेत ढकललं. ग्रबच्या यादीत नव्या कर्नलची नोंद झालेली होती, तिच्याखाली शिदोरीची ओळच नव्हती.

दुरुस्ती फार मोठी नाही. ३.१६ काढून टाकला. शिदोरी बांधणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये ‘मोस्ट’ असं असतं, म्हणजे जगातल्या बहुतेक यंत्रांना लागतील ते ड्रायव्हर घे. ते बदलून ‘डेप’ केलं, म्हणजे या यंत्राला लागतात तेवढेच घे. शिदोरी एकदम निम्म्याहून लहान झाली. मग अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करायला सांगितली, ग्रबची यादी नव्याने लिहवून घेतली, तिच्यात शिदोरीची ओळ आली आहे ना हे डोळ्यांनी पाहिलं आणि मग रिस्टार्ट. साडेतीन वाजता ४.१९ उठला. मामांना झोप लागली होती, मी उठवलं नाही.

पण नेटवर्क नव्हतं.

सर्व्हरला दोन तारा आहेत. एक बाहेरून येते, एक आत अभ्यासिकेकडे जाते. यंत्राच्या दृष्टीने दोन नेटवर्क कार्डं, आणि कार्डांना नावं असतात. पूर्वी लिनक्स ती नावं सापडतील त्या क्रमाने द्यायचा, ईथ-शून्य, ईथ-एक, आणि ती बदलू नयेत म्हणून एका फाइलमध्ये लिहून ठेवायचा की अमुक पत्त्याचं कार्ड म्हणजे ईथ-शून्य. दहाव्या आवृत्तीत त्या फाइलला अधिकृत पाठिंबा राहिला नाही. काही यंत्रांवर ती चालते, काहींवर नाही. प्रकाशन टिपणांत हे ठळक लिहिलेलं आहे आणि मी ते वाचलेलंही होतं. फक्त या यंत्रावर काकांनी कोणत्या नावांना काय बांधलं आहे ते पाहिलेलं नव्हतं. आता एक कार्ड ‘रीनेम-३’ अशा अर्धवट नावाने उभं होतं. नाव बदलता बदलता मध्येच हात सुटल्यासारखं.

फाइल उघडली. कार्डं दोन, ओळी तीन. ईथ-शून्यच्या ओळीवर काकांची टीप, रोमन अक्षरांत मराठी: हे कार्ड मे २०१४ च्या वळवात जळलं, ही ओळ काढू नये.

जळालेलं कार्ड दहा वर्षांपूर्वी भंगारात गेलं, त्याची ओळ मात्र राखून ठेवलेली. सातबाऱ्यावर मयताचं नाव राहावं तसं. आमच्या मूळ गावच्या जमिनीवर आजोबांचं नाव त्यांच्यामागे बावीस वर्षं होतं, आणि फेरफार करताना कळलं होतं की त्या नावाच्या आधाराने चार जणांचे हिस्से उभे आहेत. तसंच इथे. ती ओळ काढली असती तर नवं कार्ड लावताच त्याला ईथ-शून्य हे रिकामं नाव मिळालं असतं. फायरवॉलचे नियम ईथ-दोन या नावाला बांधलेले. बाहेरच्या जगाला काय बंद आणि काय उघडं, हे सगळं त्या नावावर. मी फायरवॉलची फाइल उघडून पाहिली, एकोणीस नियम होते, आणि प्रत्येकाच्या शेवटी एक टीप. सगळं आतच लिहिलंय.

नव्या पद्धतीत कार्डाच्या पत्त्यावरून त्याला आपल्या आवडीचं नाव देता येतं. मी एकाचं नाव ठेवलं ‘बाहेर’ आणि दुसऱ्याचं ‘आत’. रोमन अक्षरांत, काकांसारखंच. एकोणीस नियमांत नावं बदलली. काकांची ओळ काढली नाही. तिच्यापुढे तारीख घालून आजपासून ही फाइल का वापरात नाही, ते दोन वाक्यांत लिहिलं.

पावणेसहाला इंटरनेट आलं. मामा उठले, पाऊस थांबला होता. मी अभ्यासिकेतल्या संगणकावरून सूचीचं पान उघडलं.

एकही अक्षर मराठी नव्हतं. ओळीच्या ओळी रोमन ए, डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चार पाय फुटलेलं वर्तुळ, पुन्हा रेघवाला ए. काकांनी आणि ताईंनी दोन वर्षं टाइप केलेली हजारो पुस्तकं, सगळी अशी. मी खुर्चीत मागे टेकले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रात्रभर जागले होते म्हणूनही असेल.

मग त्या गिचमिडीत मध्ये मध्ये जपानी येनचं चिन्ह दिसायला लागलं, आणि छातीतला दगड हलला. देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ या संकेतात तीन बाइट घेते. स्वर, व्यंजनं, काना, पहिली वेलांटी यांचे पहिले दोन बाइट सारखेच, आणि जुन्या युरोपीय लॅटिन-१ संकेतात ते दिसतात रेघवाला ए आणि पाय फुटलेलं वर्तुळ. दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि पाय मोडायची खूण यांचा दुसरा बाइट वेगळा, आणि लॅटिन-१ मध्ये तो दिसतो येन. म्हणजे जिथे दुसरी वेलांटी किंवा जोडाक्षर, तिथे येन. मी एक ओळ बोट ठेवून वाचली. येन बरोबर जागी होते. मराठी सगळी शाबूत होती, तिला चुकीच्या चश्म्यातून पाहिलं जात होतं. काकांच्या काळातल्या मायएसक्यूएलचा ठरलेला संकेत लॅटिन-१ होता. डेटाबेसला वाटायचं आपण युरोपीय अक्षरं ठेवतोय, प्रोग्रॅम टाकायचा मराठीचे बाइट, तेच बाइट तसेच परत यायचे आणि पडद्यावर मराठी उमटायची. तेरा वर्षं दोघांचा गैरसमज एकमेकांत बरोबर बसला होता. डेबियनमधला मारियाडीबी सुरुवातीपासून यूटीएफ-८ धरून चालतो, त्याने भाषांतर करायला घेतलं आणि गैरसमज उघडा पडला. माझ्या चाचणीत हे दिसलं नाही, कारण मी चाचणीला दहा-बारा पुस्तकं नव्याने टाकली होती. जुनी नोंद एकही उघडली नव्हती.

सात वाजता काकांना फोन केला. ते सिंहगड रस्त्याला चौथ्या मजल्यावर राहतात. आधी पाण्याचं विचारलं.

"आमच्या फाटकापाशी येऊन गेलं," ते म्हणाले. "तू झोपलेली नाहीस, आवाजावरून कळतंय. ईथ-शून्य का?"

"तेही झालं, काका. पण आता दुसरंच आहे." मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही.

"शंभर एमबीचं बूट पार्टिशन," ते म्हणाले, "ती माझी जुनी खोड. मी लिनक्स शिकलो तेव्हा ग्रबच्या जागी लायलो होता. डिस्कच्या पहिल्या हजार चोवीस सिलिंडरांपलीकडचं त्या वेळच्या बायॉसला वाचताच यायचं नाही, म्हणून कर्नल अगदी सुरुवातीला, वेगळ्या खोलीत ठेवायचा. २०११ ला त्याची गरज उरली नव्हती. हाताला सवय. आणि तेव्हा शिदोरी दहा-बारा एमबीची असायची. मोडून टाक ते. तुझा ग्रब दोन डिस्कांचा जोड वाचतो."

शिदोरी हा शब्द त्यांचाच. मी त्यांच्याकडूनच उचलला होता, हे तोवर विसरले होते.

"आणि काका, तक्त्यात क्रम-दोन नावाचा एक रकाना आहे. त्यात काहीतरी विचित्र भरलंय, शब्द अर्धवट बदललेले. तो कचरा आहे का? बदल करताना काढून टाकते."

पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "अगं, ळ कुठे येतो?"

"वर्णमालेत? ह नंतर."

"आणि युनिकोडमध्ये?"

मला लगेच उत्तर आलं नाही. त्यांनीच सांगितलं. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्की या भारतीय मांडणीवर बेतलेली आहे. सगळ्या भारतीय लिप्या एकाच साच्यात बसवायच्या म्हणून त्या मांडणीत ळ आला ल च्या पाठोपाठ, व च्या आधी. यंत्राने अक्षरांचे क्रमांक पाहून सूची लावली की ‘काळ’ हा शब्द ‘काव्य’च्या आधी येतो. आपल्या कोशात, आपल्या कार्डांच्या खणात, तो ‘काशी’च्याही नंतर. "पहिल्या महिन्यात ताईंकडे लोक यायचे, पुस्तक सूचीत नाही म्हणून सांगायला. पुस्तक असायचं. ते शोधत होते आपल्या शाळेत शिकवलेल्या जागी. म्हणून तो रकाना. ळ शेवटी नेला आहे, क्ष आणि ज्ञ त्याच्या मागे. काढू नकोस."

"नाही काढत, काका."

"आणि बाळ, दोन्ही डिस्कांवर ग्रब घाल. एकीवरच घालतात आणि विसरतात."

आत असलेलीवर मी लगेच घातला, कपाटातलीवर ती परत लावल्यावर. बूट पार्टिशनमधलं सगळं मुख्य पार्टिशनवर हलवून ते मोडलं. दहावरून अकरा आणि अकरावरून बारा या उड्या सोमवारी दुपारपर्यंत झाल्या, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एकच: बाराव्या आवृत्तीत बंद स्वरूपाच्या फर्मवेअरसाठी वेगळा विभाग केला आहे, आणि आमच्या बाहेरच्या कार्डाला ते फर्मवेअर लागतं, म्हणून तो विभाग यादीत आधीच घातला. प्रत्येक उडीनंतर सूचीचं पान उघडून पाहिलं. गिचमीड तशीच होती, पण येन जागच्या जागी होते.

डेटाबेस मी शेवटी घेतला. पद्धत अशी की सगळी माहिती लॅटिन-१ म्हणूनच बाहेर काढायची, म्हणजे बाइटना कुणी हात लावत नाही, आणि परत आत घालताना सांगायचं की हे यूटीएफ-८ आहे. जुन्याला शिवायचं नाही, नवा तक्ता करायचा. संध्याकाळी पाचला सुरू केलं, दोन मिनिटांत थांबलं. अक्षर अपुरं आहे, अशी तक्रार.

शीर्षकाचा रकाना दोनशे पंचावन्नचा होता. काकांच्या हिशेबाने दोनशे पंचावन्न अक्षरं. लॅटिन-१ च्या हिशेबाने दोनशे पंचावन्न बाइट, म्हणजे मराठीची जेमतेम पंच्याऐंशी चिन्हं, काना-मात्रा धरून. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकांची नावं त्याहून लांब असतात. काय सांगितलं आहे, कुणासाठी, कोणत्या भाषेतून घेतलं, हे सगळं नावातच. जुना डेटाबेस जास्तीचं मुकाट कापायचा. जागा आणि विरामचिन्हं एकेकच बाइट घेतात, त्यामुळे काप कधी अक्षराच्या मधोमध बसायचा. अशी अर्धी अक्षरं नवा डेटाबेस आत घेत नाही. आणि तो घेत नाही म्हणून तेरा वर्षांत पहिल्यांदा कळलं की नावं तुटलेली आहेत. अशा एकेचाळीस नोंदी निघाल्या.

सुट्टी असून ताई आल्या. कपाट उघडून त्यांनी दाखल रजिस्टरं काढली, माझी डिस्क बाजूला सारून. सर्वांत जुन्या दोन रजिस्टरांच्या पानांना खालच्या अंगाला तपकिरी लाट आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची. एकोणीस वर्षांचे काका आणि त्यांचे मित्र यांनी ती पानं वाड्याच्या गच्चीवर दोऱ्यांवर वाळवली होती, हे ताईंनी मला त्या संध्याकाळी सांगितलं. काका स्वतः कधी बोलले नव्हते.

ताई दाखल क्रमांक शोधायच्या, पूर्ण नाव वाचायच्या, मी टाइप करायची. त्या प्रत्येक अनुस्वार सांगत होत्या. चाळीस झाली तेव्हा नऊ वाजले होते. एकेचाळिसाव्याचं नाव रजिस्टरात दोन ओळींचं, आणि दुसरी ओळ लाटेखाली गेलेली. भिंगाने पाहिलं, दिव्यासमोर धरून पाहिलं. ‘मुलींच्या’ एवढं लागलं.

"पुस्तक आहे ना आपल्याकडे?" मी विचारलं.

"दुर्मिळात आहे. वर, माळ्यावरच्या कपाटात."

मामा टॉर्च घेऊन वर गेले. खूप वेळ नुसता पावलांचा आवाज येत राहिला. मग ते जिन्यावरून सावकाश उतरले, दोन्ही हातांत धरून, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं. ताईंनी फडकं सोडलं, कव्हरवरची धूळ पदराने टिपली, शीर्षकाचं पान अलगद उलटलं आणि चश्मा वर करून म्हणाल्या, "हं, घे लिहून."